शागिर्दी हवी, वेठ नको

संगणकशास्त्राची पदवी घ्यायची तर आता नुसते पेपर लिहून भागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवीच्या अभ्यासक्रमात चार श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ घातले आहे. एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे विद्यार्थ्याने 120 तास एखाद्या कंपनीत किंवा कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष काम करायचे, तिथून प्रमाणपत्र आणायचे, अहवाल लिहायचा, मग गुण मिळणार. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण 2024-25 पासून आले. त्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेली मुले 2026-27 मध्ये तिसऱ्या वर्षाला पोचतात. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या मागे तर इंटर्नशिपची सक्ती त्याआधीपासून आहे.

कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. भाषासुद्धा नुसत्या व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही, ती बोलावी लागते. प्रोग्रामिंगचेही तसेच असणार. माझा आक्षेप एवढाच आहे की काम सक्तीचे केले आणि मोबदला मात्र समोरच्याच्या मर्जीवर सोडला. शिवाय कामाची जागा शोधण्याचा भार विसाव्या वर्षाच्या पोराच्या डोक्यावर टाकला. अंधेरीत किंवा पुण्यात राहणाऱ्या, मामा-काका एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या मुलाला हा भार जाणवत नाही. डहाणू-तलासरीच्या मुलाला तो पदवीच्या तीन वर्षांच्या फीपेक्षा जड जातो.

कसा ते सांगतो. डहाणू रोडपर्यंत लोकल आली ती 2013 साली. त्या लोकलने चर्चगेटला पोचायला जवळपास तीन तास लागतात, अंधेरीला दोन तासांहून अधिक. परतीचे तेवढेच. तलासरी गावाला तर रेल्वे स्टेशनच नाही. तिथल्या मुलाने आधी एसटी किंवा शेअर गाडी धरून डहाणू, घोलवड किंवा पलीकडे गुजरातेत संजाण-उंबरगाव गाठायचे आणि मग गाडी पकडायची. आत कुठल्या पाड्यावर घर असेल तर हायवेपर्यंतची पायपीट वेगळी. रोज सहा तास काम धरले तर 120 तासांचे 20 दिवस होतात. या 20 दिवसांचा पास, गाडीभाडे, दुपारचे जेवण, मोबाइलचा डेटा आणि स्वतःचा लॅपटॉप, सगळे घरातून. त्यात चिकूच्या वाडीत, वीटभट्टीवर किंवा मासळीच्या धंद्यात हाताखाली काम करून तो जे चार पैसे घरी आणत होता, तेही बंद. कंपनी म्हणते, आम्ही फुकट शिकवतो. फुकट कुठे? शिकण्याची किंमत तो मुलगा भरतोच आहे, फक्त कंपनीच्या पावतीवर ती दिसत नाही.

मुंबईत राहायची सोय नसेल तर मुलगा काय करतो? तो प्रमाणपत्र विकत घेतो. याचा आता सरळ बाजार झाला आहे. इंटरनेटवर ‘वेब डेव्हलपमेंट इंटर्नशिप’च्या जाहिराती येतात. पैसे भरा, चार व्हिडिओ बघा, दोन तयार प्रोजेक्ट डाउनलोड करा, सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र घ्या. काही ठिकाणी कामाचा मोबदला मिळण्याऐवजी मुलालाच ‘नोंदणी शुल्क’ भरावे लागते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मला असे प्रमाणपत्र दाखवले. तिच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते आणि ती कधीही न शिकलेल्या एका संगणक भाषेत तिला ‘उत्कृष्ट’ ठरवले होते. मी तिच्यावर रागावलो नाही. जिथे प्रामाणिक मार्गाचे भाडे परवडत नाही, तिथे खोट्या मार्गाची दुकाने निघणारच. महाविद्यालयालाही कागद हवा असतो, विद्यापीठालाही कागद हवा असतो. कागद पोचतो, काम शिकायचे राहून जाते आणि नंतर मुलाखतीत तोच मुलगा गप्प बसतो. मग आपण म्हणतो, ग्रामीण मुलांत दम नाही.

सरकार पैसे देतच नाही, असे मात्र नाही. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास उमेदवाराला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये, थेट खात्यात. आधी मुदत सहा महिने होती, पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. देशातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांत बारा महिने, दरमहा 5,000 रुपये, त्यातले 4,500 सरकारचे आणि 500 कंपनीचे. दोन्ही योजना ज्या नियमांनी सुरू झाल्या ते नियम नीट वाचा. राज्याच्या योजनेत शिक्षण चालू असलेला उमेदवार बसत नाही. केंद्राच्या योजनेतही पूर्णवेळ शिकणारा बसत नाही.

म्हणजे ज्याने शिक्षण संपवले त्याला प्रशिक्षणाचे पैसे मिळतात आणि ज्याला पदवीसाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे त्याला एक रुपया नाही. एका खात्याने हुकूम काढला, दुसऱ्या खात्याने पैसे ठेवले, आणि दोघांच्या मध्ये आमची पोरे उभी. हा विरोधाभास मंत्रालयात कोणाच्या लक्षात आला नसेल असे मला वाटत नाही. ज्यांची मुले या फटीत अडकतात ती माणसे मंत्रालयात जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता तिसरी वाट. ती कायद्याची आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा, म्हणजे अप्रेंटिस ॲक्ट, बहुतेकांना फक्त फिटर-वेल्डरपुरता वाटतो. 2014 च्या दुरुस्तीने त्यात बिगर-इंजिनीअरिंग पदवीधरही आले. 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे 30 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारही या मोजणीत धरायचे. पदवीच्या पातळीवरच्या शिकाऊ उमेदवाराला त्या नियमांनी दरमहा किमान 9,000 रुपये ठरवून दिले आणि या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार परत करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 पासून अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवी अभ्यासक्रमांनाही मान्यता दिली आहे. म्हणजे शिकता शिकता, कायद्याने ठरलेल्या मोबदल्यावर, एक अख्खे सत्र कामावर घालवता येते. त्यासाठी महाविद्यालयाने नोंदणी करायला हवी, कारखान्यांशी करार करायला हवेत, विद्यापीठाकडे पाठपुरावा करायला हवा. चार श्रेयांकांचा कागद मुलाकडून मागणे त्याहून सोपे आहे, म्हणून सगळे सोपे तेच करतात.

मी वेठ हा शब्द मुद्दाम वापरला आहे आणि या मातीत तो जपून वापरायला हवा, हेही मला माहीत आहे. तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे 1945 मध्ये सुमारे पाच हजार वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असा त्यांनी निर्धार केला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे तो लढा उभा केला. वेठ बंद झाल्यावर गवत कापणीला दिवसाला किमान 12 आणे मजुरी मिळावी ही मागणी पुढे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. त्या लोकांनी सोसले त्याच्याशी संगणकासमोर बसणाऱ्या मुलाची बरोबरी मी करणार नाही. इथे चाबूक नाही, लग्नगडी नाही. पण जमीनदार तेव्हा जे सांगत होता ते आठवून पाहा. तुला जमीन कसायला दिली, पोटाला दिले, आता वर पैसे कसले मागतोस? आजची कंपनी म्हणते, तुला अनुभव दिला, प्रमाणपत्र दिले, आता वर पैसे कसले मागतोस? काम करून घ्यायचे आणि ते उपकार म्हणून मोजायचे, ही रीत या तालुक्याने 80 वर्षांपूर्वी मोडली होती. तिच्या नातवंडांना ती इंग्रजी नावाने परत पत्करायला लावू नये.

आता कंपन्यांचे म्हणणेही ऐकू, कारण त्यात तथ्य आहे. वापीत आणि बोईसरला काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांशी मी बोललो. ते सांगतात, हा मुलगा 20 दिवसांसाठी येतो. पहिला आठवडा त्याला आमची प्रणाली समजण्यात जातो, दुसऱ्यात तो चुका करतो, तिसऱ्यात काहीतरी जमू लागते तोवर तो निघून जातो. त्याला शिकवणाऱ्या आमच्या माणसाचा वेळ गेला तो वेगळा. वर त्याला पैसेही द्यायचे?

हे बरोबर आहे, आणि याचे उत्तर 120 तास वाढवणे हे आहे. मोबदला कापणे हे त्याचे उत्तर होत नाही. जगात ही गोष्ट कुणीतरी आधी करून पाहिली आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने 1906 मध्ये इंजिनीअरिंगच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कॅनडातले वॉटर्लू विद्यापीठ 1957 मध्ये याच पद्धतीवर उभे राहिले. तिथे चार महिने अभ्यास आणि चार महिने नोकरी अशी पाळी चालते, त्याला ‘को-ऑप’ म्हणतात. त्या चार महिन्यांचा पगार कंपनी देते, आणि काम शोधून मुलांना कंपन्यांशी जोडून देणारे स्वतंत्र खाते विद्यापीठात असते. चार महिन्यांत मुलगा खरोखर उपयोगी पडतो, म्हणून कंपनीला पगार जड जात नाही. आपल्याकडे बिट्स पिलानीने 1973 पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवले आहे, त्यात शेवटच्या टप्प्यात मुलगा साडेपाच महिने कंपनीत असतो. श्रीमंत संस्थांच्या मुलांना जे मिळते ते आमच्या मुलांना का मिळू नये? त्यांना लांब, मोबदल्याचे आणि देखरेखीखालचे काम. आमच्या मुलांना 20 दिवसांची हजेरी आणि एक शिक्का!

दुसरा आक्षेप असा की या भागात संगणकाचे काम आहेच कुठे. मला हा आक्षेप आळसाचा वाटतो. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. प्रदूषण करणारे मोठे उद्योग इथे येऊ शकत नाहीत आणि येऊही नयेत. मग धूर नसलेला उद्योग कोणता? ज्याला वीज, इंटरनेट आणि शिकलेली माणसे लागतात, तोच. दक्षिणेला तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम आणि वापी. तिथल्या कारखान्यांत मालाचा साठा, हजेरी, बिले, प्रयोगशाळेच्या नोंदी हे सगळे संगणकावर चालते. डहाणूत औष्णिक वीज केंद्र आहे, नगरपरिषद आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, बँका आणि पतपेढ्या आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, पण कोणत्या वाडीतून किती माल कोणत्या बाजारात गेला याची साधी नोंद ठेवणारी प्रणाली किती बागायतदारांकडे आहे? मच्छीमार संस्थांच्या हिशोबाचे काय? शाळांचे तर विचारूच नका. सरल, युडायस, शालार्थ, पोषण आहार, रोज नवे पोर्टल. वर्गात शिकवणारा शिक्षक मुलांची नावे पोर्टलवर भरत बसतो. संगणक शिकणाऱ्या मुलाला या गोंधळात हात घालू द्या. एकच माहिती पाच ठिकाणी का भरावी लागते, हे त्याने शोधून काढले तर तोच त्याचा उत्तम प्रकल्प ठरेल.

एक काम तर आमच्याच पोरांनी करण्यासारखे आहे. उर्दूचे कित्येक वर्षांचे साहित्य, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मासिके इनपेज या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडली आहेत. ती युनिकोडमध्ये आणली नाहीत तर शोधताही येत नाहीत आणि मोबाइलवर वाचताही येत नाहीत. हे काम करायला संगणकही यायला हवा आणि नस्तालीक लिपीही. उर्दू शाळेतून संगणकशास्त्राकडे गेलेल्या मुलाकडे या दोन्ही गोष्टी आहेत. वारली बोलीचे शब्द गोळा करून त्यांचा शोधता येणारा कोश बनवणे, हे तलासरीच्या मुलांइतके चांगले कोण करील? कामाचा तुटवडा नाही, पैसे देऊन ते करवून घेण्याची इच्छा कमी आहे.

आता थोडे आपल्या माणसांशी बोलतो. गॅरेज, फर्निचर, टेलरिंग, फॅब्रिकेशन या धंद्यांत आपल्याकडे शागिर्दीची जुनी पद्धत आहे. पोरगा उस्तादाकडे राहतो, पाने-पक्कड पुसत पुसत इंजिन उघडायला शिकतो. या पद्धतीत शिव्या होत्या, कधी मारही होता, त्याचे मी गोडवे गाणार नाही. पण चांगला उस्ताद शागिर्दाच्या जेवणाची काळजी घ्यायचा, आठवड्याला खर्ची हातावर ठेवायचा आणि हात बसला की रोज वाढवायचा. शागीर्द फुकट राबतो, असे कोणी अभिमानाने सांगत नसे. मग आपलेच व्यापारी, ज्यांच्या कंपन्यांत आज बिलिंग, वेबसाइट, ऑनलाइन विक्री चालते, ते शिकलेल्या मुलाला बोलावून म्हणतात, बेटा, तू महिनाभर काम कर, सर्टिफिकेट देतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण जुम्म्याच्या बयानात आपण मान डोलावत ऐकतो. ती फक्त हमालाला लागू आहे आणि कीबोर्डवर बोटे चालवणाऱ्याला नाही, असे कुठे सांगितले आहे?

सच्चर समितीने 2006 मध्ये आपल्या समाजाचे शिक्षण आणि नोकऱ्यांतले स्थान आकड्यांनी मांडले. तेव्हापासून आपण त्या अहवालाचा दाखला देत आलो आहोत, आणि द्यायलाच हवा. पण ज्याच्याकडे दहा माणसे कामाला आहेत त्याला एक मुलगा किंवा मुलगी चार महिने पगारावर ठेवायला कोणत्याही समितीची गरज नाही. चार किंवा अधिक कामगार असलेली छोटी आस्थापनाही स्वेच्छेने अप्रेंटिस घेऊ शकते. कायदा तशी मुभा देतो.

मुलींचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. मुलगी रोज पाच-सहा तास लोकलमध्ये काढणार आणि रात्री दहाला स्टेशनवर उतरणार, हे कोणत्याच समाजातल्या आई-बापाला सहज पचत नाही. मग मुलगी बीएस्सी होते, गुण चांगले पडतात आणि अनुभवाच्या रकान्यात खरेदी केलेले प्रमाणपत्र लागते. लोक याचे खापर बुरख्यावर फोडतात. माझा अनुभव सांगतो की डहाणूतच, दिवसाउजेडी, ठरलेल्या पगाराचे आणि इज्जतीचे काम असले तर त्याच घरातले अब्बा मुलीला स्वतः स्कूटरवर सोडायला येतात. अडचण अंतराची आणि पैशाची आहे. ती सोडवली तर बाकीचे वाद आपोआप कमी होतील.

वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. खर्च 76,220 कोटी रुपये आणि सुमारे 12 लाख रोजगारांची भाषा. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे आणि त्यांची भीती पोकळ नाही. तो वाद इथे सोडवत नाही. बंदर झाले तर कंटेनरची ने-आण, कस्टम्स, गोदामे सगळे संगणकावर चालणार, एवढे उघड आहे. ती कामे करायला अनुभवी माणसे लागतील आणि अनुभव मागताना कोणी विचारणार नाही की तुझ्या गावापासून लोकल किती लांब होती. आजच मुलांना कामाचा हात बसवला नाही, तर समुद्र इथला, जमीन इथली आणि खुर्चीवर माणूस बाहेरचा, हे ठरलेले आहे. आमच्या वाट्याला फाटकावरची सुरक्षारक्षकाची नोकरी येईल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. विद्यापीठाने ऑन जॉब ट्रेनिंगसाठी मोबदल्याची किमान अट घालावी आणि पैसे घेऊन दिलेली प्रमाणपत्रे बाद करावीत. राज्य सरकारने मुख्यमंत्री योजनेतली शिक्षण चालू असल्याची आडकाठी पदवीच्या सक्तीच्या प्रशिक्षणापुरती काढावी. अनुसूचित क्षेत्रातल्या तालुक्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. महाविद्यालयांनी जागा शोधण्याचे काम स्वतःकडे घ्यावे, त्यासाठी एक माणूस नेमावा आणि अप्रेंटिसशिपच्या अभ्यासक्रमासाठी नोंदणी करावी. तीसहून अधिक कामगार असलेल्या बोईसरच्या कारखान्यांनी कायद्याने ठरलेली अप्रेंटिसची संख्या भरली की नाही, हे आमच्या लोकप्रतिनिधींनी एकदा विचारावे. आणि आपल्या वस्तीतल्या ज्या दुकानदाराला, बागायतदाराला, शाळेच्या विश्वस्ताला संगणकाचे काम करून घ्यायचे आहे, त्याने मुलाला बोलावताना पहिल्याच वाक्यात पगाराचा आकडा सांगावा.

मुलांनाही एक सांगणे आहे. काम मागताना लाजू नका आणि मोबदला विचारताना तर अजिबात लाजू नका. समोरचा म्हणाला की इथे फक्त अनुभव मिळेल, तर त्याला शांतपणे विचारा: साहेब, तुमच्याकडे काम करणाऱ्या बाकीच्यांनाही पगारात अनुभवच देता का?